बराबरी झाली त पयला कोण

॥ श्री मारोती प्रसन्न ॥

अकोला, मोर्णाकाठची वाडी
१८ मार्च २०२५

चि. केशवभाऊजी यांस वहिनी रुख्मिणीचे अ. उ. आ.

आशीर्वाद नात्यानं देऊन राहिली, वयानं नाई. वयानं तुमीच मोठे, पण तुमच्या मोठ्या भावाची बायको असल्यानं तेवढा मान माह्याकडं. घ्या गपचूप.

तुमचं पत्र भेटलं. वरतं तुमी पुन्हा ‘गं. भा.’ लिहलं. मागं बी सांगतलं होतं, मी काय नदी हाये, गंगा आन भागीरथी दोन्ही एकदम व्हायले? इथं मोर्णेत घागर बुडत नाई आन तुमी माह्यात दोन दोन नद्या सोडता. नुसतं रुख्मिणीवहिनी लिहत जा. पोस्टमन वळखते मले.

शेजारची बेबीताई इचारत होती, आजकाल पत्र कोण लिहते म्हणून. म्या सांगतलं, बाई, माह्या दिराचे कान गेले. फोनवर चार वाक्यं बोला, ते चारहीले हो म्हणतात. कायले हो म्हटलं ते त्याईलेच ठाऊक नसते. कागद बरा. कागदाले मोठ्यानं बोला लागत नाई.

आता मुद्द्याची गोठ. संक्रांतीले श्याम्यानं जे लावून धरलं होतं, आई, वाडी सोड, अमरावतीले आमच्यापाशी ये, आन तुमी मधात पडून जी शर्त लावली, ते सगळं माह्या ध्यानात हाये. या साली फुटबॉलची लीग संपली की तुमची वडाळी टीम वर असली त मी बिस्तरा गुंडाळून अमरावतीले येईन, तोंड वाकडं न करता. आमची काटेपूर्णा वर असली त मी वाडीतच राहीन, आन ‘आई, इकडं ये’ हा शब्द जल्मभर कोणी काढायचा नाई. श्याम्यानं हो म्हटलं, सूनबाईनं हो म्हटलं, तुमी मान हालवली. तुमची मान आयकून हालली का नुसती पाहून, ते मारोतीले ठाऊक.

लोकं हासतात, म्हातारी फुटबॉलच्या नादाले लागली म्हणून. त्याईले काय सांगू. तुमचे दादा होते तवा काटेपूर्णाच्या पोट्ट्याईले फुलाचे हार आपल्याच वाडीतून जात. ते गेल्यावर हार द्यायले मी गेली, पाय दुखले म्हणून मैदानाच्या पायरीवर जराशी टेकली, ते अजून टेकूनच हाये. पण इतके साल पाहून बी मले हिशेब समजत नाई. दोन टीमा बराबरीत सुटल्या त एकेक गुण भेटते, म्हणजे दोघाईचे मिळून दोन. एक जितली त तिले तीन. मंग बराबरीच्या दिवशी तो तिसरा गुण जाते कुठं? फुलबाजारात असं झालं असतं त म्या आडत्याची गचांडी धरली असती. माही शाळा चौथीची, पण तीनातून दोन गेले त एक राहते, एवढं त आमाले बी शिकवलं होतं.

बेबीताईचं पोरगं म्हणते, वडाळी आन काटेपूर्णा आजच्या घडीले बराबर हायेत आन शेवटची मॅच त्याईचीच आपसात हाये. म्हणजे माहं घर कोणतं ते बावीस पोट्टे लाथा मारून ठरवणार. बरं झालं, घरातल्या माणसाईनं ठरवलं असतं त लय वेळ लागला असता.

लोभ हाये तसा राहू द्या. राग आला त तो बी कागदावर लिहा, म्हणजे मले पुरवून वाचता येईन.

तुमची
रुख्मिणीवहिनी


॥ श्री ॥

अमरावती
२३ मार्च २०२५

ती. रुख्मिणीवहिनीस केशवचा शि. सा. न. वि. वि.

दोन्ही नद्या काढून टाकल्या. आता पाहा, मायना कसा कोरडा ठणठणीत दिसते.

तिसऱ्या गुणाचं सांगतो. तो कुठं जात नाई. कोणी जितल्याबिगर तो जल्मालेच येत नाई. हे मी आचलकडून लिहून घेतलं, म्हणजे आपल्या नातीनं कागदावर लिहून माह्यापुढं धरलं. आता तुमी इचाराल, मंग तो जितल्यावर येते कुठून. ते मी तिले इचारलं त ती हासली आन मोबाईल घेऊन निंगून गेली. म्हणून तेवढं तुमीच समजून घ्या आन मले बी सांगा.

शेवटी गुण बराबर झाले त गोलाची वजाबाकी पाहतात म्हणे. किती केले, किती खाल्ले. त्याच्यात आमची वडाळी पुढं हाये, कावून की परतवाड्याच्या टीमवर आमच्या पोट्ट्याईनं सात गोल चढवले. त्याईचा गोलकीपर जीपमधी येता येता वकारला होता, उभं राहवत नोयतं त्याले. जित ते जित. म्हणजे वहिनी, तुमचा बिस्तरा गुंडाळला असं समजा.

घरी सगळे मजेत. श्याम हापिसात जाते, साधना घर चालवते, मले वेळेवर ताट येते, औषध येते. सगळे भले हायेत. बोलतात बी. ओठ हालताना दिसतात. संध्याकाळी मी मैदानावर जाऊन बसतो. फुटबॉल पाहायले कान लागत नाईत. शिट्टी नाई आयकू आली तरी सगळे थांबले की समजते, काईतरी झालं. घरात तसं समजत नाई.

वाडीचं लिहत जा, वहिनी. मोगऱ्याले कळी लागली काय? दादानं लावलेला निशिगंध हाये का काढला? उन्हाळ्यात दोन पाणी जास्त द्या त्याले. तुमी इकडं आल्यावर ते कोण करन, हा इचार मनात येते. बाकी शर्त ते शर्त.

६ एप्रिलची मॅच पाहायले मी येतो. श्याम नको म्हणत होता, ऊन हाये म्हणून. मले आयकू आलं नाई असं दाखवलं. कान गेल्याचा एवढा तरी फायदा घेऊ द्या.

लोभ तुमच्याकडं जास्त हाये, मोठ्या तुमी, म्हणून मांगत नाई. पाठवत राहा.

तुमचा
केशव


॥ श्री मारोती प्रसन्न ॥

अकोला
२९ मार्च २०२५

चि. केशवभाऊजी यांस अ. उ. आ., आन सोबत एक टोमणा.

टोमणा असा, की सात गोल बिमार गोलकीपरवर चढवणं म्हणजे बांधलेल्या बैलासंग शर्यत लावणं. तुमच्या वडाळीले लाज नाई. तरी काय करता, ज्याच्या पदरात पडलं त्याचं पुण्य.

मोगऱ्याले कळी लागली. निशिगंध हाये, काढला नाई. पण भाऊजी, तुमी शर्त लावता वडाळीच्या बाजूनं आन इचारता निशिगंधाले पाणी कोण देईन. तुमचं काई समजत नाई बाप्पा. ज्याले मेहमान बोलवायचा असते तो असा दारात उभा राहून त्याच्या घराची काळजी करत नाई.

उगाच एक इचारून राहिली. हारलीच त म्हणून बरं, मले काई यायचं नाई. सूनबाईच्या घरी माही खाट कुठं मावन? आचलच्या खोलीत मावत असन त खिडकी कोणत्या बाजूले हाये? तिथून मैदान किती दूर, पायी जाता येते का आटो करा लागते? आन तिथं पायऱ्या हायेत काय बसायले, का खुर्च्या? खुर्चीवर मले पाहवत नाई, पाय लोंबकळतात. हे सगळं नुसतं माहिती असावं म्हणून. मी जितणारच हाये.

बेबीताई म्हणे, रुख्मिणीबाई, तुमी हारायच्या गोठी लय इचारता. म्या तिले सांगतलं, आपल्या कामाचं पाह्य.

रविवारी एसटीनं या. स्टँडवर बेबीताईचं पोरगं येईन, त्याच्या हातात झेंडूचं फूल राहीन. नाव सांगून काई उपयोग नाई, तुमाले आयकू येत नाई. भाकरी आन मिरचीचा ठेचा करून ठेवतो.

लोभ असू द्या, मॅच होईपर्यंत तरी. मंग पाहू कोणाकडं उरते ते.

रुख्मिणीवहिनी


॥ श्री मारोती प्रसन्न ॥

अकोला
७ एप्रिल २०२५

चि. केशवभाऊजी यांस अ. उ. आ.

सुखरूप पोचले असाल. काल तुमी एसटीत बसले आन मी घरी येऊन कंदील... नाई, कंदील कुठला, लाइटच लावला, आन काय झालं त्याचा इचार करत बसली. अजून बसूनच हाये. म्हणून लिहतो.

एक-एक गोल झाला, बराबरी सुटली, एवढं समजलं. मंग पोट्टे बी उभे, लोकं बी उभे, कोणालेच समजंना रडाव का नाचाव. अर्धी गर्दी त घरी गेली, जितलो म्हणून. मंग लीगवाल्या मंडळाच्या माणसानं भोंग्यातून सांगतलं, गुण बराबर, पण गोलाच्या वजाबाकीत वडाळी पुढं, म्हणून वडाळी पयली. तुमाले आयकू गेलं नाई म्हणून म्या तुमच्या तळहातावर बोटानं ‘व’ काढला. तुमी हाताकडं पाहत राहिले, जसं मी इस्तू ठेवला हातावर.

आता मले सांगा. आमच्या काटेपूर्णानं गोल केला तवा तुमी उठून टाळ्या वाजवल्या. म्या तुमच्याकडं पाह्यलं त म्हणे पायात गोळा आला. पायात गोळा आल्यावर माणूस पाय धरते, टाळ्या वाजवत नाई.

तुमी बी मले इचारलं, वडाळीचा पेनल्टी आमच्या गोलकीपरनं आडवला तवा म्या कपाळाले हात कावून लावला. ऊन लागत होतं म्हणून लावला. संध्याकाळचं बी ऊन लागते अकोल्यात, तुमाले आता अमरावतीची सवय झाली.

तर मी हारली. शर्त हारली. हार गळ्यात घालायले नेले होते ते वडाळीच्या पोट्ट्याईले घातले, आपल्या हातानं. बेबीताईचे डोळे भरून आले. ती म्हणे, आता वाडी सोडाल काय. म्या म्हटलं, शब्द दिला हाये, काय करता. आन रात्री पोटभर जेवली. तिले वाटलं दुःखानं भूक लागली.

आता कामं पाहा लागतात. मोगरा सरला की वाडी बेबीताईच्या पोराले बटईनं, अर्ध्या वाट्यानं, द्याव असा इचार हाये. त्याच्या अगोदर मले एकदा गावाले जा लागते, तेल्हाऱ्याकडं, जरा काम हाये. कोणतं ते इचारू नका. सूनबाईले सांगा, खाटेचं मोजून ठेव म्हणा.

लोभ आता अमरावतीलेच घ्यायले येतो, टपालानं पाठवू नका.

हारलेली
रुख्मिणीवहिनी


॥ श्री ॥

अमरावती
९ एप्रिल २०२५

ती. रुख्मिणीवहिनीस शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच भेटलं. दोनदा वाचलं. वडाळी पयली आली आन मी जितलो, असं त्याच्यात लिहलं हाये. बरं हाये. आनंद हाये.

श्यामनं पेढे आणले. साधनानं आचलच्या खोलीतलं कपाट सरकवलं. खिडकी पश्चिमेले हाये. मैदान पायी जाता येते. पायऱ्या हायेत. तुमी इचारलं ते सगळं लिहलं.

तुमचं पत्र वाचून असं वाटलं का तुमी हासून राहिल्या. मंग वाटलं, नाई, वहिनी रडणं असंच लपवतात. दादा गेले तवा बी तुमी मले, केस रंगवले काय, असं इचारलं होतं. मले काईच समजून नाई राहिलं. तुमच्या हाताची शेवंती घ्यायले लोकं दारात उभे राहतात, तुमी कोणाले वरडता, कोणाले फुकट देता. हे सगळं सोडून इथं चौथ्या माळ्यावर तुमी काय करणार, हे मी शर्त लावताना पाह्यलंच नाई. श्यामचं त्वांड बंद कराव म्हणून शर्त लावली होती म्या.

तब्येत ठीक हाये. पायात गोळा खरंच आला होता.

लोभ कमी झाला असन तरी पत्र कमी करू नका.

तुमचा
केशव


॥ श्री ॥

अमरावती
१६ एप्रिल २०२५

ती. आईंस साधनाचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहून राहिली म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. काल फोनवर तुमचा आवाज लय बारीक आला. पुन्हा लावला त तुमी उचलला नाई. काका म्हणतात, वहिनीशी बोलायचं असन त कागद घे. म्हणून घेतला.

आई, अभिनंदन. शुक्रवारच्या पेपरात आलं, तुमाले बी समजलंच असन. मंडळानं नियमाचं पुस्तक उघडून पाह्यलं त त्याच्यात निघालं, की गुण बराबर झाले त पयले त्या दोघाईच्या आपसातल्या मॅची पाहायच्या, वजाबाकी नंतर. जानेवारीत इथं अमरावतीत काटेपूर्णानं वडाळीले हारवलं होतं. म्हणून आता काटेपूर्णा पयली. मॅचच्या दिवशी भोंग्यातून सांगतलेलं चुकीचं होतं. म्हणजे शर्त तुमी जितल्या.

याईनं त्याच दिवशी जेवताना सगळ्याईले सांगतलं, आईले शब्द दिला आहे, आता हा विषय या घरात बंद. आचलले बी बजावलं, आजीले ये म्हणायचं नाई. मी तुमच्या खाटेसाठी कपाट सरकवून जागा मोजून ठेवली होती. ते कपाट परत जागेवर सरकवलं. जरा जडच गेलं.

पण मले काई गोठी समजल्या नाईत. तुमी जितल्या आन काका हारले, मंग शुक्रवारी पेपर वाचल्याबरोबर काका लेकरासारखे खूश काहून झाले? पिशवी घेऊन निघाले, गावाले जातो एवढंच म्हणे. जाताना माह्या डब्यातलं पीठ घेऊन गेले. रविवारी आले त धोतराले गोवऱ्याच्या धुराचा वास, आन त्वांड असं, की इचाराव वाटलं नाई. तवापासून ताटावर बसतात, अर्धं जेवतात. काल मले म्हणे, साधना, माणसानं दुसऱ्याचं भलं करू नये, इचाराव. म्या कागदावर लिहून इचारलं, कोणाचं? त्याईनं कागद घडी करून खिशात टाकला.

तुमी बी गावाले गेल्या होत्या, असं बेबीताई फोनवर म्हणाल्या. तिथं काई झालं काय? भांडण झालं असन तर सांगा. तुमी दोघं भांडले त आमी कोणाकडं पाहायचं?

आमचा लोभ शर्तीत नोयता लावला, तो आहे.

तुमची सून
साधना


॥ श्री मारोती प्रसन्न ॥

अकोला, वाडी
१९ एप्रिल २०२५

चि. सौ. साधनाले सासूचे अ. उ. आ.

पत्र भेटलं. तुहं अक्षर मोत्यावाणी हाये, माहं मुंगळ्यावाणी. लावून वाच.

भांडण झालं नाई, बाई. झालं असतं त बरं. काय झालं ते सांगतो, पण शेवटापर्यंत वाच, मधातच श्याम्याले हाक मारू नको.

वडाळीनं पयला नंबर काढाव म्हणून म्या आपल्या गावच्या मारोतीले नवस बोलला होता, रोडग्याचा. हो, वडाळीनंच. तू चुकीचं नाई वाचलं. रविवारी भोंग्यातून सांगतलं, वडाळी पयली, म्हणजे मारोतीनं आयकलं. नवस ठेवून घेऊ नये म्हणून मी हनुमान जयंतीले जाडं पीठ, वांगे, तुरीची दाळ घेऊन गावाले गेली. पेपर मी काई वाचत नाई, त्याच्यात फुलं बांधतो.

मारोतीचा जल्म झाला, लोकं गूळ-खोबरं खात होते. म्या देवळाच्या मांगं गोवऱ्या पेटवल्या. पाहतो त पिंपळाच्या त्या बाजूनं बी धूर. कोणीतरी धोतराचा काचा मारून रोडगे वळून राहिलं. वळता येत नोयतं, एक चेंडूवाणा, एक ढेकळावाणा. तुहे काकाजी. म्या हाक मारली, आयकू गेली नाई. दुसरी मारली. मंग पिशवीतलं वांगं घेतलं आन पाठीत हाणलं. ते वळले, आन आमी दोघं एकामेकाकडं असे पाहत राहिलो, जसे दोन चोर एका घरात भेटावे.

पुढची गोठ आयक. त्याईले काई सांगायचं म्हणजे वरडा लागते. त्याईचे कान गेल्यापासून ते बी वरडूनच बोलतात. म्हणून जे आमच्या दोघाईतच राहाव असं होतं, ते सगळ्या गावानं आयकलं. म्या वरडून इचारलं, नवस कायचा. ते वरडून म्हणे, काटेपूर्णाचा. आन खिशातून पेपरचा तुकडा काढून माह्यापुढं धरला. गोवऱ्याच्या धुरात म्या वाचलं, मी जितली म्हणून. मले वाचता येत नसतं त बरं झालं असतं, असं पयल्यांदा वाटलं.

मंग त्याईनं इचारलं, तुमचा नवस कोणाचा. म्या सांगतलं. गूळ-खोबरं खाणारे लोकं खायचे थांबले. एका घरातले दोघं, एकाच मारोतीपुढं, आन दोघाईनं बी आपल्या टीमविरुद्ध नवस बोललेला. गोपाल गुरव डोकं खाजवून म्हणे, मारोतीनं तरी काय कराव. ज्याचं फळलं त्याचे रोडगे, दुसऱ्याचे लागत नाईत. पण पीठ मळलं हाये त टाकू नका.

तुह्या काकाजीनं काटेपूर्णाचा नवस कावून बोलला ते बी सांगतो, पण राग मानू नको. ते वरडून म्हणे, तुमी तिथं येऊन माह्यावाणी भिंतीकडं पाहत बसाल, ते मले पाहवलं नसतं. साधना, ते तुह्या घराची तक्रार करत नोयते. आपल्या कानाची करत होते. तू ताट देतं, औषध देतं, सगळं देतं, ते बी म्हणतात. पण ताट वाढताना त्याईच्यासंग एखादं वाक्य वरडत जा. चुकीचं आयकतात, मंग त्याच्यावर भांडतात, तेवढाच टाइम जाते.

मंग त्याईनं मले सरळ इचारलं, “वहिनी, तुमाले अमरावतीले यायचं होतं काय?”

सगळं गाव माह्याकडं पाहून राहिलं होतं. होय म्हणायचं त एवढं मोठ्यानं म्हणा लागत होतं, की पिंपळावरचे कावळे उडाले असते. आन एवढी गोठ एवढ्या मोठ्यानं मले म्हणताच आली नाई. जल्मभर मी कोणाले बी काई बी बोलली, माही जीभ कधी अडली नाई. त्या दिवशी अडली. म्या म्हटलं, वांगे करपून राहिले, आन वांग्याकडं गेली. आमी एका आरावर रोडगे भाजले, गावाले जेवू घातलं, एकामेकाले दाळ वाढली. ते त्यांच्या एसटीनं गेले, मी माह्या. तेच ते त्वांड तू पाह्यलं.

त्याईले जे सांगता आलं नाई ते तुले सांगतो. पौषात मी पाहटेच शेवंती खुडायले गेली होती. हौदापाशी पाय सटकला आन पडली. हाड मोडलं नाई, पण उठताच येईना. बेबीताईले हाका मारल्या. तिचा पंप चालू होता, तिले आयकू गेलं नाई. ओल्या वाफ्यात पडल्या पडल्या मी हाका मारत होती आन पंप भकभक करत होता. पंप बंद झाला तवा ती धावत आली. कोणाले सांगू नको म्हणून तिले शपथ घातली. तवापासून मी हौदापाशी जाताना भिंत धरतो. एकटीले भेव लागते, साधना. हे वाक्य लिहायले मले आज संध्याकाळ गेली.

त्याच महिन्यात संक्रांतीले श्याम्या म्हणे ये. मी लगेच हो म्हटली असती त लोकं म्हणाले असते, म्हातारी थकली, लेकाच्या दारात गेली. तुह्या काकाजीनं शर्त काढली तवा मले सोनं सापडलं. हारून गेली असती त ताठ गेली असती. काय करता, शब्द दिला होता, असं सगळ्याईले सांगत आली असती, तुले बी टोमणे मारले असते, मी काई माह्या मनानं नाई आली म्हणून. आन आता मी जितून बसली. तुमी सगळे शब्दाचे पक्के निघाले. ये म्हणायले कोणी उरलं नाई.

मी यायले निघाली ते कोणाच्या शेजारी, त ज्याले हाक आयकूच येत नाई त्याच्या. माहं मलेच समजत नाई. पण ते रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन एकटे बसतात, आन इकडं मी एकटी बसतो. दोघं एका पायरीवर बसलो त निदान कोणी पडलं त दुसऱ्याले दिसन तरी.

वाडीचं बेबीताईच्या पोराशी बोलली. तो बटईनं करतो म्हणते, निशिगंधाले हात लावणार नाई म्हणते.

आता इचारतो. श्याम्याले इचारू नको, तो लेक हाये, हो म्हणनच. घर तुहं हाये, चूल तुही हाये, माहा स्वभाव तुले ठाऊक हाये. मी तुह्या भाजीत खोट काढीन, तुह्या माहेरावरून बोलीन, आटोवाल्यासंग भांडीन. हे सगळं मोजून तू सांग. मोगरा सरल्यावर मी येऊ काय?

नाई म्हटलं तरी चालते, वाचून फाडून टाक, आपण दोघी गप राहू. हो म्हटलं त कपाट सरकवायले आचलले हाताशी घे, एकटी लावू नको, कंबर धरन.

लोभ असावा, असं म्या आजवर सगळ्या पत्राईच्या खाली मस्करीत लिहलं. आज मांगून राहिली.

तुही सासू
रुख्मिणी